रेफरीच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?

क्लबच्या रग्बी सामन्याला प्रेक्षक सांभाळायचं काम गळ्यात पडलं असेल, तर आधी रेफरीच्या खोलीची किल्ली शोधा. ती आत्ता कुणाकडे आहे, सामन्याच्या दिवशी कुणाकडे असेल, आणि शेवटची शिट्टी वाजेल तेव्हा तो माणूस कुठे उभा असेल, हे तिन्ही लिहून काढा आणि मगच पुढचं वाचा. मागच्या मोसमात मी बाकी सगळं केलं होतं. दोर बांधला, जॅकेटं वाटली, फलक लावले. सामना संपला तेव्हा किल्ली माझ्या खिशात होती आणि मी मैदानाच्या पार त्या टोकाला गोलपोस्टच्या गाद्या सोडवत होतो. रेफरी एकोणीस वर्षांचा पोरगा. कुलूपबंद दाराला पाठ टेकून उभा होता आणि समोर पंधरा-वीस माणसं त्याला शेवटच्या पेनल्टीचा जाब विचारत होती. त्याच्या खिशातून पडलेलं यलो कार्ड एकाने उचललं आणि त्याच्याच नाकासमोर नाचवलं. मी धावत पोचेपर्यंत चारेक मिनिटं गेली असतील. त्यानंतर त्याने शिट्टी हातात घेतलेली नाही.

तर किल्ल्या दोन करा. एक क्लबच्या सेक्रेटरीकडे, दुसरी ‘रेफरीच्या सोबत्या’च्या गळ्यात. हो, गळ्यातच, खिशातली किल्ली आहे हे माणूस विसरतो. हा सोबती म्हणजे रेफरी आल्यापासून गाडीत बसून जाईपर्यंत त्याच्याबरोबर असणारा एक माणूस. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. पाण्याच्या बाटल्या नाहीत, झेंडे नाहीत, गाद्या तर नाहीतच. आयत्या वेळी कुणीतरी येऊन ‘जरा दोन मिनिटं हात दे ना’ म्हणणार, हे धरूनच चला आणि नाही म्हणता येणारा माणूस निवडा.

आता आठवडाभर आधीची कामं. प्रेक्षकांना अडवणारा दोर टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेघेला, चिकटवून बांधू नका. मैदानाभोवती शक्य तिथे किमान 5 मीटरची मोकळी पट्टी असावी, असं नियमातच आहे. टचजजला, म्हणजे त्या रेघेवरच्या पंचाला, पळायला जागा लागते हे तर आहेच, पण हाताच्या अंतरावरून पुटपुटलेली शिवी कानात जशी जाते तशी पाच मीटरवरून जात नाही. मोठ्याने ओरडायला माणसाला थोडी तरी लाज सोडावी लागते. बिअरचा तंबू असेल तर तो दोरापासून लांब, आणि रेफरीच्या खोलीच्या वाटेवर तर मुळीच नको. आमचा तिथेच होता. पाहुण्या क्लबच्या सेक्रेटरीला फोन करून त्यांचीही दोन माणसं मागून घ्या. आपल्या माणसाचं ऐकायची तयारी असते, परक्याने सांगितलं की तळपायाची आग मस्तकात जाते. फलक लावा, पण फलक वाचून कुणी गप्प बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणेल की आपल्या खेळात असलं काही होत नाही, दोन्हीकडचे प्रेक्षक शेजारी-शेजारी बसतात, किकर पेनल्टी मारताना स्टेडियम शांत होतं. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या थॉमंड पार्क स्टेडियमवर ती शांतता खरंच पाळली जाते, मान्य. पण 10 ऑगस्ट 2002 ला दरबानमध्ये दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड खेळत असताना, दुसरा हाफ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात एक प्रेक्षक थेट मैदानात घुसला आणि त्याने रेफरी डेव्हिड मॅकह्यू यांना खाली पाडलं. त्यांचा खांदा निखळला, सामना अर्धवट सोडून बाहेर जावं लागलं. खेळाडूंनीच त्या माणसाला ओढून बाजूला केलं. एवढ्या मोठ्या स्टेडियमवर हे होतं, तर आपल्या दोराचं काय घेऊन बसलात? म्हणून दोरापाशी माणसं उभी करा, आणि ती मैदानाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून. हे सांगायला सोपं आहे. ट्राय होतोय, म्हणजे कुणी गोलरेघेपलीकडे चेंडू टेकवतोय, असं वाटलं की सगळे वळतात. फुकट सामना बघायला मिळेल म्हणून आलेला उत्साही पोरगा या कामाला नको. ज्याला रग्बीत फारसा रस नाही असा एखादा खमक्या काका मिळाला तर सोनं.

आणि एक फोन नंबर. प्रेक्षकांना दिसेल असा, ठळक, सगळीकडे. नोव्हेंबर 2014 मध्ये ट्विकनहॅमला इंग्लंड-न्यूझीलंड सामन्यात रेफरी नायजेल ओवेन्स यांना ते समलिंगी आहेत म्हणून काही प्रेक्षकांनी घाणेरड्या शिव्या घातल्या. ते बाहेर आलं एका प्रेक्षकाने वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रामुळे. चौकशीनंतर इंग्लंडच्या रग्बी संघटनेने दोघांना दोन वर्षं ट्विकनहॅमला यायची बंदी घातली आणि प्रत्येकी 1,000 पौंड धर्मादाय संस्थेला द्यायला लावले. मला यातून एवढंच घ्यायचंय: शेजारी बसलेल्या माणसाला ते खटकतं, पण त्याला सांगायचं कुणाला हे माहीत नसतं. नंबर द्या, आणि तो फोन वाजला की उचलणारा माणूस ठेवा. चार्ज केलेला फोन, हेही सांगावं लागतंय.

सामन्याच्या सकाळी सगळ्या माणसांना दहा मिनिटं एकत्र बसवा आणि रेघ कुठे ओढायची ते ठरवा. ‘काय रेफरी, ऑफसाइड दिसत नाही का?’ हा आरडाओरडा आहे, सोडून द्या. निर्णयावरून हटून माणसाच्या रंगावर, जातीवर, बाईपणावर, शरीरावर किंवा घरच्यांवर गेला की ती शिवीगाळ, आणि तिला ताकीद वगैरे काही नाही, सरळ बाहेर. मधले जे आहेत, म्हणजे दर शिट्टीला तेच तेच वाक्य वरच्या पट्टीत फेकणारे, त्यांना एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा बाहेर. लहान मुलांच्या सामन्यात ही रेघ आणखी अलीकडे ओढा. तिथे सगळ्यात वाईट तोंड आईबापांचं असतं, आणि पोरगं मैदानातून बघत असतं.

याच बैठकीत किल्ली दाखवा. हातात धरून, वर करून. ही किल्ली, या सोबत्याच्या गळ्यात आहे, हा सामना संपताना तिथे उभा असेल. लोक हसतील. हसू द्या.

माइकवर बोलणारा माणूस मिळाला तर त्याला खेळ समजणारा निवडा, कारण निम्मा राग नियम न कळल्याचा असतो. रेफरीचा हात आडवा पसरलेला असतो, म्हणजे त्याने चूक पाहिली आहे आणि ज्या संघावर चूक झाली त्याला अॅडव्हांटेज देऊन तो खेळ चालू ठेवतोय. त्याच क्षणी दोरापलीकडचे शंभर जण ‘आंधळा आहे का’ म्हणून कोकलत असतात. थोड्या वेळाने फायदा झाला नाही म्हणून तो मागे येऊन पेनल्टी देतो, तर आता समोरचे शंभर जण म्हणतात की प्रेक्षकांच्या दबावाला भुलला. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांची एकमेकांना रेटणारी जुंपी, कोसळल्यावर पेनल्टी कुणाला आणि का, हे तर तिच्या पुढच्या रांगेत वीस वर्षं मान घातलेल्यांनाही बाहेरून सांगता येत नाही. माइकवाल्याने फक्त एक वाक्य बोलायचं: ‘पेनल्टी, रकमध्ये हाताने चेंडू खेळला.’ (रक म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर उभ्याने होणारी रेटारेटी.) बस. मत नाही, उसासा नाही, ‘असं रेफरीचं म्हणणं आहे’ तर अजिबात नाही. आमच्या माइकवाल्याने शेवटच्या पेनल्टीला ‘बघू या, कशाची दिली ते’ असं म्हटलं होतं. त्या पाच-सहा शब्दांनी काय केलं ते मी दारापाशी ऐकलं.

सामना सुरू झाल्यावर कुणी बिघडतोय असं दिसलं तर दोघांनी जा, एकट्याने नाही. समोरून छाती काढून जाऊ नका, बाजूने जा. ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्याने आजवर कुणीही शांत झालेलं नाही. शक्यतो त्याच्या सोबतच्या माणसाशी आधी बोला: ‘जरा यांना घेऊन त्या बाजूला चला.’ चारचौघांत मान खाली घालावी लागली नाही तर बरेच जण ऐकतात. हात लावू नका, ढकलू नका, व्हिडिओ त्याच्या तोंडावर धरू नका. काय बोलला ते मात्र शब्दशः, वेळेसकट, वहीत लिहा. ‘अर्वाच्य बोलला’ असं लिहिलेल्या अहवालाला कुणी विचारत नाही. शिवी लिहायला लाजायचं नाही. नाहीच ऐकलं तर सोबत्यामार्फत रेफरीला कळवा. खेळ थांबवायचा आणि असुरक्षित वाटलं तर सामनाच संपवायचा अधिकार त्याला आहे. सहसा आधी तो घरच्या संघाच्या कॅप्टनला बोलावून सांगतो, आणि कॅप्टन दोरापाशी गेला की गर्दी निवते.

हाफटाइमला रेफरी मैदानातच थांबणार की खोलीत जाणार, विचारून ठेवा. खोलीत जाणार असेल तर कुलूप आधी उघडलेलं हवं. म्हणजे पुन्हा किल्ली. ही रंगीत तालीम समजा.

सत्तराव्या मिनिटापासून, म्हणजे शेवटची दहा मिनिटं, दुसरं काही बघू नका. स्कोअर जवळचा असेल तर जास्तच. सोबती मैदानातून बाहेर पडायच्या जागी, दोन माणसं त्याच्याबरोबर, वाट मोकळी, दार उघडं, किल्ली गळ्यात. गाद्या, झेंडे, दोर, काहीही सोडवायला कुणी जायचं नाही. कुणीही. गाद्या रात्रभर पोस्टला राहिल्या तरी चालतील. शिट्टी वाजली की खेळाडू एकमेकांसाठी टाळ्या वाजवत दोन रांगा करतात. रेफरीला त्या रांगांमधूनच बाहेर काढा, आणि थेट दारापर्यंत सोबत जा. अर्ध्या वाटेत ‘आता जाईल तो’ म्हणून सोडू नका. दार बंद झाल्यावर बाहेर एक जण उभा.

मग गाडीपर्यंत सोडणं. वहीवरून अहवाल, त्याच रात्री. क्लबच्या पानावर क्लिप टाकताना रेफरीचं नाव नको आणि ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा प्रश्न तर नकोच. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर रेफरी वेन बार्न्स निवृत्त झाले, 111 आंतरराष्ट्रीय सामने केलेला माणूस, आणि घरच्यांना येणाऱ्या धमक्यांबद्दल उघड बोलले. त्याच सामन्यात टीव्ही रेफरी असलेले टॉम फॉली यांनीही शिवीगाळीला कंटाळून आंतरराष्ट्रीय सामने थांबवले. हे सगळं नंतर, फोनवरून. दुसऱ्या दिवशी रेफरीला फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला, उचलला नाही.

जॅकेटं मोजून घ्या, दर वेळी एक कमी भरतं. दोर वाळवून गुंडाळा. किल्ली खिळ्यावर परत.