पाहुणा ग्रँडमास्टर, वीस पट, एक संध्याकाळ

बुद्धिबळाचा परदेशी ग्रँडमास्टर इंदूरला जेमतेम एका दिवसासाठी येणार असेल, तर सत्कार-भाषणं दहा मिनिटांत आटपा आणि सायमल ठेवा, म्हणजे त्याने एकट्याने पटामागून पट फिरत एकाच वेळी अनेकांशी खेळायचं. त्याच्याशी प्रत्यक्ष चार खेळ्या करायला मिळणं, हीच मुलांची खरी कमाई.

पट किती, ते आधी ठरवा. डावाला सरासरी 40 खेळ्या, खेळीला चालण्यासकट 10 सेकंद धरले, तर 20 पटांना सव्वादोन तास लागतात. ‘आमच्याही मुलाला बसवा’ करत आकडा 40 वर गेला की साडेचार तास. तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याने 1922 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला 103 पट सात तासांत संपवले. 102 डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. पण एकेका पटाच्या वाट्याला सरासरी चारच मिनिटं आली. डाव रंगायला हवे असतील, तर विसाच्या पुढे जाऊ नका.

टेबलं चौकोनात लावा, आत जायला एका कोपऱ्यात वाट ठेवा. प्रत्येक खेळाडूला 90 सेंमी जागा द्या. पांढरी मोहरी आतल्या बाजूला, कारण पाहुणा आतून फिरणार. सगळे संच एकसारखे हवेत, राजा साडेनऊ सेंमीचा. पाहुणा उभ्याने, ओझरतं बघतो. घडण वेगवेगळी असली तर उंट आणि प्यादं ओळखण्यातच वेळ जातो. चकचकीत पटावर ट्यूबलाइट चमकते, म्हणून गुंडाळायचे मॅट पट बरे. तगडे खेळाडू एका रांगेत बसवू नका, पाहुणा तिथेच अडकतो.

खेळी पाहुणा समोर आल्यावरच करायची, हे सुरुवातीलाच बजावा. मुलं आधीच मोहरं हलवून ठेवतात आणि काय हलवलं ते त्याला कळत नाही. हात लावलेलं मोहरं खेळावंच लागेल.

प्रत्येकाला तीन पास द्या, म्हणजे खेळी न करता पाहुण्याला पुढे पाठवायची तीनदा मुभा, आणि ते शेवटासाठी राखायला सांगा. वीस पट चालू असताना फेरीला तीन-साडेतीन मिनिटं मिळतात. चार पट उरले की जेमतेम चाळीस सेकंद. चांगले डाव तिथेच कोसळतात.

विमानतळावरून थेट पटावर आणू नका. दुपारी चारला सुरुवात केलीत, तर सातच्या आत मोकळे व्हाल. सराफ्यातला खाऊबाजार रात्रीच रंगतो, तिथे सावकाश न्या. सह्या सगळे डाव संपल्यावर, खेळ्या लिहिलेल्या स्कोअरशीटवरच घ्या. संपलेल्या पटावर पांढरा जिंकला तर दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत ठेवा, काळा जिंकला तर काळ्या. पंचाला लांबूनही निकाल टिपता येतो.