इंटिरियरच्या ऑफिसात माणूस पगारावर ठेवावा की काम बाहेर द्यावं?

हा निर्णय दिवाळीच्या तोंडावर घेऊ नका. बडोद्यात भायली, गोत्री, मांजलपूरकडच्या नव्या फ्लॅटवाल्यांना सणाआधी घर तयार हवं असतं, ड्रॉइंगांचा ढीग पडतो आणि ऑफिसात आणखी एक खुर्ची मांडावीशी वाटते. पुढे डिसेंबरच्या मध्यावर कमुरता, म्हणजे शुभकार्य टाळायचे दिवस, लागले की उत्तरायणापर्यंत (संक्रांतीपर्यंत) बरीच गुजराती घरं नवं काम काढत नाहीत. होळीला दाहोद-पंचमहालकडचे मजूर गावी जातात. पगार मात्र बाराही महिने द्यायचा असतो. म्हणून निदान सहा महिन्यांचे तास मोजा, आणि त्यात एक मंदीचा महिना आलाच पाहिजे.

मोजायला साधी वही पुरते. रोज संध्याकाळी प्रोजेक्ट, कामाचा प्रकार आणि तास लिहा. प्रकार सातच ठेवा: मापं, वर्किंग ड्रॉइंग, थ्रीडी, बीओक्यू (कामाच्या आणि मालाच्या परिमाणांची यादी), साइट, खरेदी, हिशेब. 'इतर' असा रकाना ठेवलात तर निम्मे तास तिथेच जाऊन बसतील.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, आपले घालून बघा. समजा ड्राफ्ट्समनचा, म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्याचा, पगार २२,००० रुपये. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा तर महिन्याला १,८३३. ७२,००० चा कॉम्प्युटर तीन वर्षं चालला तर २,०००. सॉफ्टवेअर, नेट, वीज, जागा मिळून ४,०००. म्हणजे महिन्याला जवळजवळ ३०,००० पडतात. २६ दिवसांचे २०८ तास होत असले, तरी सुट्ट्या, वाट बघणं आणि फोन वजा जाता १४० तास खरं ड्रॉइंग झालं तर उत्तम. मग तास २१४ रुपयांना पडला. काम ६० तासांचंच असेल तर तोच तास ५०० ला.

बाहेरचा माणूस आठ शीटचा सेट ४,५०० ला देतो, आणि घरात त्याला १६ तास लागतात असं धरू. बाहेरचं काम तपासायला तुमचे दोन तास जास्त जातात. तुमच्या तासाची किंमत ५०० धरली तर सेट ५,५०० ला पडला, म्हणजे तासाला सुमारे ३४४. आता ३०,००० ला ३४४ ने भागा: ८७. महिन्याला ८७ तासांपेक्षा जास्त ड्रॉइंग सहा महिने सलग निघत असेल तर माणूस ठेवा, कमी असेल तर बाहेर द्या. हे तपासणीचे तास बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत, आणि मग बाहेरचं काम आहे त्यापेक्षा स्वस्त वाटतं.

सगळा निर्णय मात्र पैशावर सोडता येत नाही. ग्राहकाचा शब्द आणि साइटवरचा निर्णय या दोन गोष्टी घरातल्या माणसाकडेच राहिल्या पाहिजेत. दांडिया बाजारातल्या मराठी घरात आजी सांगतात की देवघराचं तोंड पूर्वेला हवं आणि गणपतीत मखर मावेल एवढी खालची फळी खोल हवी. हे वाक्य डिझायनरकडून बाहेरच्या ड्राफ्ट्समनकडे आणि तिथून सुताराकडे जाईपर्यंत 'देवघर, पूर्व' एवढंच उरतं. फळी बारा इंचांची होते आणि भाद्रपदात फोन येतो.

म्हणून पहिला पगारी माणूस साइट सुपरवायझर असावा. डिझायनर नंतर. ड्रॉइंग रात्री बसूनही काढता येतं, पण प्लंबरने पाइप चार इंच सरकवला ते त्याच दिवशी दिसलं नाही तर टाइल फोडावी लागते. सुपरवायझरला गुजराती आणि हिंदी सफाईने बोलता आलं पाहिजे. मुलाखतीत बायोडेटा वाचत बसू नका. त्याला एखाद्या बाथरूममध्ये न्या आणि टेप, कागद, पेन्सिल देऊन अर्ध्या तासात मापं घ्यायला सांगा. त्याने दोन्ही कर्ण मोजले का? खिडकीची जमिनीपासूनची उंची, बीमची खोली, ड्रेनचं स्थान लिहिलं का? हे न सांगता केलं तर माणूस कामाचा. ड्राफ्ट्समन हवा असेल तर गोरवा आणि तरसालीच्या आयटीआयकडे विचारा. सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स दोन वर्षांचा असतो, त्यामुळे शीट कशी मांडायची हे शिकवावं लागत नाही.

थ्रीडी व्ह्यू, जीएसटी रिटर्न आणि हिशेब निर्धास्तपणे बाहेर द्या. ती कामं नगावर मोजता येतात.

मॉड्युलर फर्निचरही फॅक्टरीकडून करून घ्यायला हरकत नाही, पण माप आपलं असावं. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. प्लास्टर झाल्यावर आणि टाइल लागण्याआधी माप घेतलं तर चिकटवण्याच्या थरासकट वीसेक मिलिमीटर प्रत्येक बाजूने कमी होतात आणि कपाट आत जातच नाही. भिंत वर-खाली सारखी नसते. रुंदी तळाला, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घ्या, त्यातली सर्वांत लहान धरा आणि बाजूला २५ ते ५० मिलिमीटरची फिलर पट्टी (फट झाकणारी) ठेवा. फॅक्टरीला जाणाऱ्या शीटवर 'फिनिश टाइलनंतरचं माप' असं तारखेसह लिहा आणि सही करा. तसं न लिहिल्यास चूक कोणाची हा वाद मिटत नाही.

सुताराला निव्वळ मजुरीवर काम देत असाल तर कटिंग लिस्ट, म्हणजे कोणत्या शीटमधून कोणते तुकडे कापायचे याची यादी, आपण काढा. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट ३२ चौरस फुटांची. लिस्ट नसेल तर सुतार हाताला येईल ती शीट कापतो आणि खर्च तुमच्या प्लायवर पडतो. कंत्राटदाराचा मजूर शिडीवरून पडला तर भरपाईची मागणी तुमच्यापर्यंत येऊ शकते, म्हणून कामगार विम्याची पॉलिसी बघितल्याशिवाय साइट ताब्यात देऊ नका.

कागदाबद्दल थोडं खोलात जाऊ, कारण इथे चांगली ऑफिसंही फसतात. पगारी माणसाने नोकरीत काढलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्सरच्या बाबतीत तो त्याचाच राहतो, पैसे दिले तरीही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी लिहून घ्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरतेच मिळाले असं धरलं जातं. तेव्हा करारात कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे सगळं असू द्या. सोबत दोन फेऱ्यांची दुरुस्ती मोफत आणि तिसऱ्या फेरीचा दर ठरवा. पैसे ३०-४०-३० असे द्या आणि दर हप्त्याला उघडता येणारी मूळ कॅड फाइल घ्या, नुसती पीडीएफ नको. शेवटच्या ३० टक्क्यांवर सगळ्या फाइली ठेवल्या तर माणूस मधेच गायब झाल्यावर हाती काही राहत नाही.

माणसं वाढवताना दोन आकडे लक्षात ठेवा. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं: २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. वीस झाली की पीएफ. फ्रीलान्सर म्हणून नाव लावायचं आणि रोज दहा ते सात ऑफिसात बसवायचं, हा मार्ग घेऊ नका. कायदा नावापेक्षा वागणूक बघतो, आणि त्या माणसावरही तो अन्याय आहे.

तास ८७ च्या आसपासच घुटमळत असतील तर आठवड्यातले तीन ठरलेले दिवस अर्धवेळ माणूस घ्या, लेखी आणि महिन्याच्या पगारावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठेवा. शनिवारी ग्राहक साइट बघायला येतात, त्याआधी शुक्रवारची ड्रॉइंगं हातात असतात.