जहाजावर पहिल्यांदा निघालेल्या वऱ्हाडातल्या मुलांसाठी: जेवण आणि रक्तदाब

आपल्या भागातली मुले समुद्र पाहण्याआधीच जहाजावरची नोकरी धरतात, आणि कागदपत्रांविषयी शंभर प्रश्न विचारूनही जेवणाविषयी एकही विचारत नाहीत. त्यासाठी हे लिहितो आहे.

उपासमारीची भीती बाळगू नका. 2006 च्या सागरी कामगार कराराप्रमाणे, जो भारताने 2015 मध्ये स्वीकारला, जेवण व पिण्याचे पाणी कंपनीने मोफत द्यायचे असते. पगारातून कोणी पैसे कापत असेल तर तक्रार करा.

खरी अडचण मुबलकपणाची आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्याची भूक घेऊन मुलगा जहाजावर येतो, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, चार तास उभा राहतो, आणि भूक मात्र तेवढीच ठेवतो. फिलिपिनो कुक तिन्ही वेळा भात करतो म्हणून त्याला नावे ठेवणे हा आपल्या मुलांचा आवडता उद्योग असला, तरी सुटलेली पोटे मी भारतीय कुकच्या तर्रीवरच जास्त पाहिली आहेत. दुपारी आणि रात्री बारा ते चारच्या वॉचवर, म्हणजे पाळीवर, असाल तर मुख्य जेवण दुपारीच उरका. पहाटे चारला वॉच सुटल्यावर नूडल्सची दोन पाकिटे खाऊन झोपण्याची सवय वजन आणि साखर दोन्ही वाढवते.

केवळ पांढऱ्या भातावर राहिल्याने काय होते, हे जपानी नौदलाने भोगले आहे. 1883 मध्ये ‘र्यूजो’ जहाजावरच्या 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाला आणि 25 जण दगावले. पुढच्या वर्षी ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरांनी आहार बदलून ‘त्सुकुबा’ त्याच मार्गाने पाठवले, तेव्हा कोणी दगावले नाही. तो दोष ब-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा होता, हे नंतर कळले. म्हणून वरण, अंडी आणि उसळ सोडू नका. बंदर सुटल्यावर पालेभाजी काही दिवसांतच संपते. घरून सुकी मटकी न्या, मोड आणा, त्यातून क जीवनसत्त्व मिळते. वरूड-मोर्शीच्या मुलाने तरी मेसमधली संत्री सडू देऊ नयेत.

लोणचे, पापड आणि ठेचा थोडाच न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, आणि तेवढे मेसच्या जेवणातच होऊन जाते. इंजिन रूममध्ये तहान लागण्याआधी पाणी प्या, नाहीतर मुतखडा ठरलेला.

आता सर्वांत महत्त्वाचे. वैद्यकीय तपासणीत आजार लपवू नका. एजंटचा माणूस ‘काही सांगू नको’ म्हणेल. त्याला तुम्हाला फक्त जहाजावर चढवायचे असते. आमच्या तालुक्यातल्या एका मोटरमनने, म्हणजे इंजिन रूममधल्या कामगाराने, तपासणीपुरत्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, आजार नाही असे लिहून दिले, आणि जहाजावर कोणी पाहील म्हणून गोळ्या बंद केल्या. भर समुद्रात त्याची जीभ जड झाली. कॅप्टनने रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला, सेकंड ऑफिसरने औषध दिले, पण बंदर कित्येक दिवस दूर होते. तो वाचला, उजवा हात मात्र गेला. आणि गोळ्यांची जुनी चिठ्ठी सापडताच कंपनीने भरपाई नाकारली. मुद्दाम लपवलेल्या आजाराची जबाबदारी मालकावर राहू नये, अशी सूट देशाच्या कायद्याने देण्याची मुभा त्याच सागरी कामगार करारात आहे. ज्या पगारावर त्याच्या घरचे कर्ज फिटत होते, तो पगारही थांबला. पुन्हा सांगतो, लपवू नका. गोळ्यांनी ताब्यात असलेला रक्तदाब सांगितला म्हणून नोकरी जातेच असे नाही. इन्सुलिन लागणाऱ्यांचे प्रकरण मात्र कठीण असते, त्यांनी एजन्सीला पैसे देण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरांना विचारावे.

पूर्ण कंत्राटाच्या आणि वर एक-दोन महिन्यांच्या गोळ्या न्या, कारण रिलीव्हर, म्हणजे तुमच्या जागी येणारा माणूस, वेळेवर येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जहाजावर चढल्यावर ती कॅप्टनला दाखवा. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. विमानात जमा केलेले सामान कधी कधी जहाज सुटल्यावर बंदरात पोहोचते.