समालोचनाचा माईक हातात घेऊ नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गात क्रीडा वार्ताहर म्हणून नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहितोय. बातमी कशी लिहायची ते हळूहळू जमेल. समालोचनाच्या माईकपासून मात्र पहिल्या दिवसापासून लांब राहा.

भातकापणी उरकली की आपल्याकडे कबड्डीचे रात्रीचे सामने सुरू होतात. वार्ताहराला खेळाडू नावानिशी ठाऊक असतात, म्हणून मंडळवाले म्हणतात, "भाऊ, समालोचन पण तुम्हीच करा." वर हजाराचं पाकीट. आपलं मानधन किती तुटपुंजं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी चार हंगाम समालोचन केलं आणि त्याच स्पर्धांच्या बातम्याही दिल्या.

चौथ्या हंगामात ५५ किलो वजनी गटाची स्पर्धा होती. वजनकाटा शाळेच्या व्हरांड्यात ठेवलेला. एक चढाईपटू उभा राहिला, आकडा आला ६१. कार्यकर्त्याने काटा बंद करून पुन्हा चालू केला आणि यादीत ५४.८ लिहिलं. मी शेजारीच चहा पीत होतो. रात्री त्याच पोराच्या धडकेने समोरच्या बारक्या कोपरारक्षकाचं कॉलरबोन मोडलं, तेव्हा मी माईकवर ओरडत होतो, "काय ती ताकद!" बातमीत 'चुरशीची लढत' आली. काट्याचा उल्लेखही नाही.

मला कुणी धमकावलं नव्हतं, गप्प बस असंही कुणी म्हणालं नव्हतं. म्हणूनच हा सापळा ओळखता येत नाही. ते पाकीट समालोचनाचंच होतं. पण लिहायला बसलो तेव्हा अध्यक्षांचा चेहरा आठवला, पुढच्या महिन्यातली स्पर्धा आठवली, आणि ते वाक्य लिहायला हात धजेना. त्याच मंडळाने ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, माझा सत्कार केला. टेबलावर बाळशास्त्री जांभेकरांचा फोटो होता. 'दर्पण' काढणारा हा माणूस आपल्याच देवगडातल्या पोंभुर्ल्याचा. शाल घेताना मला त्या फोटोकडे बघवेना.

प्रेस कौन्सिलने पेड न्यूजच्या व्याख्येत रोख रकमेबरोबर वस्तूरूप मोबदलाही धरला आहे. म्हणजे बातमीच्या बदल्यात मिळालेला ट्रॅकसूटही त्यात आला. 'तालुक्यात राहायचं तर सगळ्यांशी गोड राहा' हा ज्येष्ठांचा सल्ला मला मुळीच पटत नाही. सामना न बघता व्हॉट्सॲपवर आलेल्या गुणांवरून बातमी करणंही तितकंच वाईट.

आणि घाबरू नका. मी माईक सोडला तेव्हा दोन मंडळांनी वर्षभर बोलावलं नाही. पुढे त्यांच्याच प्रशिक्षकांचे फोन यायला लागले, कारण मी कुणाचा माणूस नाही हे त्यांना कळलं होतं. मंडळांकडून मिळणाऱ्या जाहिरातींवरचं आपलं कमिशन बुडतं, हे खरं. तेवढी तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र सांभाळा. वजन किंवा वय चोरल्याची बातमी करताना अल्पवयीन खेळाडूचं नाव छापू नका. यादीत आकडा मोठ्या माणसांनी लिहिलेला असतो, जाब त्यांना विचारा. लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ आहेच. नावच काय, शाळा आणि घरच्यांची माहितीही देता येत नाही.

त्या कोपरारक्षकाचे वडील मला बाजारात भेटले होते. "तुम्ही तिथंच होतात ना?" एवढंच विचारलं. आता मी सामन्याआधी दोन तास वजनकाट्यापाशी वही घेऊन उभा असतो. कार्यकर्ते खुर्ची आणून देतात. मी बसत नाही.