गुलमर्गचा हिवाळा: स्कीचे बूट, गोंडोला आणि पहिले तीन दिवस

श्रीनगरहून सकाळी निघायचं, गोंडोलात, म्हणजे केबल कारमध्ये, बसायचं, बर्फात फोटो काढायचे आणि संध्याकाळी दल लेकवर परत, असा गुलमर्गचा बेत बहुतेक टूरवाले आखून देतात. बर्फ बघायचा असेल तर तो पुरेसा आहे. बर्फावर काही करायचं असेल तर गुलमर्गमध्ये किमान तीन रात्री हव्यात. पहिला दिवस बूट आणि तोल यातच जातो, दुसऱ्या दिवशी पाय ऐकायला लागतात आणि तिसऱ्या दिवशी मजा येते. एका दिवसात स्की शिकवतो म्हणणारा गाइड तुम्हाला फक्त ढकलून देणार, हे धरून चाला.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्ले कलां’, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. त्यानंतर २० दिवस ‘चिल्ले खुर्द’ आणि शेवटचे १० दिवस ‘चिल्ले बच्चा’. स्कीसाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात भरवशाचा. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात, पण बर्फाची खात्री नसते. जानेवारीतही निसर्ग दगा देतो: २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं बराच काळ कोरडी होती, बर्फ आला तो महिनाअखेरीला. तिकिटं काढण्यापूर्वी शेवटच्या आठवड्यातले ताजे फोटो हॉटेलकडून मागवून घ्या, वेबसाइटवरचे नकोत.

श्रीनगर ते गुलमर्ग अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. खरी अडचण टंगमर्गनंतरच्या शेवटच्या १३ किलोमीटरच्या घाटात. ताजा बर्फ पडला की तिथे फक्त चारही चाकांना ताकद जाणारी किंवा चाकांना साखळ्या बांधलेली गाडी वर सोडतात. तुमची टॅक्सी टंगमर्गला थांबली तर दुसरी गाडी करावी लागते आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नसतात. श्रीनगरातच ड्रायव्हरला विचारून ठेवा: साखळ्या आहेत का आणि त्या बांधायचे पैसे वेगळे का. परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरात काढा. बर्फ आणि धुकं यांमुळे विमानं रद्द होतात. शिवाय श्रीनगर विमानतळावर तपासणी बाहेरच्या फाटकापासून सुरू होते, म्हणून तीन तास आधी पोचायचं.

अंगावर काय

थंडी किती? रात्री पारा शून्याखाली आठ-दहा अंश उतरतो, दुपारी उन्हात शून्याच्या थोडा वर येतो. पुण्या-मुंबईहून जाणारा माणूस एकावर एक चार स्वेटर चढवतो आणि सुती बनियन व जीन्स आत तशीच ठेवतो. चूक तिथेच होते. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि स्की शिकताना घाम भरपूर येतो, कारण पडून उठणं हीच मोठी कसरत आहे. चढावर थांबलात की तो ओला सुती थर अंग गार करत जातो. आतून लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, मध्ये फ्लीस आणि बाहेरून पाणी-वारा न शिरणारं जॅकेट व पँट, एवढे तीन थर पुरतात. जॅकेट-पँट तिथे भाड्याने मिळते. थर्मल, मोजे आणि हातमोजे मात्र घरून न्या. हातमोजे जलरोधक हवेत. विणलेले लोकरीचे हातमोजे पहिल्या पडण्यातच भिजतात.

गॉगल शोभेची वस्तू नाही. बर्फावरून उलटून येणारं ऊन डोळे भाजतं, आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा, ऊन तिथे खालून पोचतं.

थंडीत मोबाइलची बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडू शकते. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा: बर्फ वरच्या बाजूने धरतो, मग झाकणाकडचं पाणी वाहतं राहतं. कॅमेरा उबदार खोलीत नेण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा, नाहीतर लेन्सवर आतून बाहेरून दव धरतं. सिम पोस्टपेड हवं. बाहेरच्या राज्याच्या प्रीपेडवर इथे भिस्त ठेवता येत नाही.

बूट: निम्मी स्की इथेच

पहिल्या दिवशी कंटाळून सोडून देणाऱ्यांत बर्फाला भ्यालेले थोडे, बुटांनी छळलेले जास्त. भाड्याच्या दुकानात इथे वेळ घालवा, घाई करू नका.

स्की-बुटांचा आकार पायाच्या सेंटिमीटरमध्ये असतो. घरीच टाच भिंतीला लावून उभे राहा, अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजा. २६ सेंटिमीटर पाय असेल तर २६ किंवा २६.५ चा बूट मागा. दुकानदार गर्दीत हमखास एक आकार मोठा देतो, कारण तो घालताना चटकन जातो आणि गिऱ्हाईक खूश होतं. अर्ध्या तासात टाच आत उचलली जायला लागते आणि स्कीवरचा ताबा जातो.

मोजा एकच, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की पाय गरम राहतील असं वाटतं, होतं उलटं: पाय आवळला जाऊन रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. थर्मलची टोकं बुटाच्या आत कोंबू नका, ती वर दुमडा. घडी आत राहिली तर नडगीवर तासाभरात वळ उठतो.

बूट घातल्यावर टाच दोनदा जमिनीवर आपटा, म्हणजे ती मागे बसते. घोट्याजवळचं बक्कल आधी लावा, मग नडगीवरची, आणि पंजावरची सगळ्यात शेवटी व सैल. आता सरळ उभे राहा: बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेला: बोटं मागे सुटली पाहिजेत. तसं झालं तर माप बरोबर. वाकल्यावर टाच उचलली गेली तर बूट मोठा. पंजा बधिर व्हायला लागला तर माप बदलण्याआधी पंजावरचं बक्कल सोडून बघा.

नवख्यासाठी स्कीची उंची छाती आणि हनुवटी यांच्या मध्ये ठेवा. लांब स्की वळवताना अडते. जुन्या सरळ पट्ट्या दिल्या तर नको म्हणा. टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये निमुळत्या असलेल्या मागा. खालच्या लोखंडी कडेवर गंज किंवा तुटका भाग नाही ना ते पाहा. काठी उलटी धरा, चकतीच्या खाली मूठ ठेवा: कोपर काटकोनात आलं तर लांबी योग्य.

बायंडिंग, म्हणजे बूट अडकवायचं खटकं, यावरचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती शिकलेले आहात यावरून लावतात. दुकानदाराने न विचारताच स्की पुढे केली तर थांबवा आणि तुमचं वजन सांगा. आकडा जास्त असेल तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. कमी असेल तर स्की चालता चालता निघून जाते. हेल्मेट भाड्याच्या यादीत नसेल तर वेगळं मागा.

पहिल्या दिवसाचा धडा

सुरुवात गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सौम्य उतारांवर. नवख्यांचा सगळा वर्ग तिथेच असतो. गोंडोलाने वर जाऊन स्की शिकण्याचा आग्रह कोणी धरला तर तो त्याच्या सोयीसाठी.

स्कीवर उभं राहताना आधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा. बूट बसत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा त्या बोटभर बर्फाची असते. मागचा खटका खाली दाबलेला हवा. आधी पंजा, मग टाच, आणि ‘खट्’ आवाज. उतारावर असाल तर दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवा आणि खालच्या बाजूचा पाय आधी अडकवा, नाहीतर दुसरा पाय अडकवेपर्यंत पहिली स्की घसरू लागते.

मग नांगर, म्हणजे स्कीवर ब्रेक लावायची पद्धत. स्कीची पुढची टोकं एकमेकांजवळ, मध्ये एक हाताचा तळवा मावेल एवढी जागा, टाचा बाहेर ढकललेल्या. आकार वरून पाहिला तर पाचरीसारखा. टाचा जितक्या रुंद तितका ब्रेक जास्त. गुडघे पुढे, हात समोर, जणू जेवणाचं मोठं ताट धरलंय. वेग वाढला की शरीर आपोआप मागे झुकतं, आणि मागे झुकलं की स्कीची टोकं हलकी पडून ब्रेक नाहीसा होतो. सगळ्या नवख्यांचं गणित इथेच फसतं. मन मागे खेचत असताना नडगी बुटाच्या जिभेवर पुढे रेलायची, एवढं जमलं की उरलेलं दोन दिवसांत येतं. वळण्यासाठी उजव्या पायावर भार दिला की डावीकडे जाता, डाव्यावर दिला की उजवीकडे. खांदे फिरवू नका, त्याने काही होत नाही.

पडताना बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला बसा. हात पुढे टेकू नका आणि काठीचा पट्टा मनगटात घालू नका. पट्ट्यात अडकलेला अंगठा पिरगळतो, तो बरा व्हायला महिने लागतात. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि तुमच्या खाली आणा, मग वरच्या बाजूच्या हाताने रेटा. स्कीची टोकं खाली वळलेली असताना उठायला गेलात तर घसरतच राहाल.

दुपारी तीनच्या सुमारास थांबा. थकलेल्या पायांना नांगर धरवत नाही, शिवाय उन्हाने सैल झालेला बर्फ सावली पडताच कडक होतो. ‘शेवटचा एक राउंड’ अनेकदा घोटा मोडणारा ठरतो.

नीट शिकायचं असेल तर गुलमर्गमध्येच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही सरकारी संस्था आहे, तिचे साधारण दोन आठवड्यांचे निवासी वर्ग असतात. त्यात राहणं, खाणं आणि साहित्य बसतं, जागा मात्र लवकर भरतात.

गोंडोला

दोन टप्पे: गुलमर्ग ते कोंगडोरी आणि कोंगडोरी ते अफरवाट. पहिला १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, वरचं टोक ३,९०० मीटरच्या वर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत तुम्ही बाराशे-तेराशे मीटर चढता. डोकं दुखणं, धाप लागणं साहजिक आहे. सावकाश चाला, आणि मळमळ व्हायला लागली तर फोटोसाठी थांबू नका, खाली या. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पहिल्या टप्प्यावर थांबलेलं बरं.

तिकीट केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर काढायचं, ओळखपत्रासह, वेळ ठरवून. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट पहिल्याशिवाय उपयोगाचं नाही. वर वारा वाढला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, म्हणून तिकीट सकाळच्या पहिल्या वेळेचं आणि मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांतलं काढा. हवा बिघडलीच तर मागे एक दिवस हाताशी राहतो. आकाश निरभ्र असेल तर वरून नंगा पर्बत दिसतो.

अफरवाटवर खुणा केलेल्या हद्दीबाहेर जाऊ नका. तिथला उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा आहे, आणि बर्फाचे कडे नेमके अशा उतारांवरून सुटून कोसळतात, मोठ्या बर्फवृष्टीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत विशेष. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटू दगावले. गाडलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून हद्दीबाहेर जाणारे प्रत्येकी ट्रान्सिव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव सांगणारं यंत्र), फावडं आणि शोधकाठी बाळगतात, आणि ती वापरायचा सरावही करतात.

स्की नको असेल तर

लाकडी स्लेज माणूस ओढून नेतो. दर ठरवताना ‘जाऊन येऊन’ आणि ‘स्लेजमागे की माणशी’ हे दोन शब्द आधी बोलून घ्या, वाद तिथेच होतात. बसल्यावर पाय आत घ्या, बाहेर टेकवून ब्रेक लावायला गेलं की घोटा जातो. गमबूट भाड्याने घेताना आत हात घालून ओल तपासा. १९०२ मधलं सेंट मेरी चर्च बर्फात चालत गाठण्याजोगं आहे. कडाक्याच्या थंडीत टंगमर्गजवळचा द्रुंगचा धबधबा गोठतो. तो बघायला जाल तेव्हा लटकत्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभे राहू नका, दुपारच्या उन्हात ते तुटतात.

रात्री खोलीत

लाकडावर चालणारी बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असेल तर तिची चिमणी बाहेर काढलेली आहे का ते पाहा. कांगडी, म्हणजे वेताच्या आवरणातलं मातीचं निखाऱ्याचं भांडं, फेरनमध्ये, म्हणजे काश्मिरी सैल झग्यात, घेऊन बसायला सुखाची, पण ती घेऊन झोपू नका आणि बंद खोलीत ठेवू नका: कोळशाच्या धुरातला विषारी वायू वास देत नाही. शाकाहारी असाल तर हाक, म्हणजे तिथली पालेभाजी, आणि नदरू, म्हणजे कमळाचं देठ, मागा.

भाड्याचे बूट तीन दिवसांसाठी घेतले असतील तर रोज रात्री आतलं मऊ अस्तर ओढून काढा आणि खोलीत वेगळं वाळवा. बुखारीला टेकवू नका, प्लास्टिक वाकतं. ओलं अस्तर तसंच राहिलं तर सकाळी पाय घालताच बोटं गार पडतात. बक्कलं मात्र रात्रभर सैल लावून ठेवा, नाहीतर कवच फाकतं आणि सकाळी बंद होता होत नाही.