गोमुखला जायचंय? मग हे आधी वाचा

"कळसूबाई चार वेळा झालीय, गोमुख काय १८ किलोमीटर, सकाळी निघू रात्री परत" असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याचं अजिबात ऐकू नका. गोमुख म्हणजे गंगा (इथे तिला भागीरथी म्हणतात) जिथून निघते ते हिमनदीचं तोंड, उत्तराखंडातल्या गंगोत्रीपासून एका बाजूनेच १८ किलोमीटर. कळसूबाई १६४६ मीटर आणि इथे गंगोत्री गावच ३००० च्या वर, देवळाच्या पायऱ्या चढतानाच धाप लागते. म्हणून गंगोत्रीत एक अख्खा दिवस थांबा, नुसतं फिरा, पाणी प्या.

परमिट आधी काढा. जंगल खातं दिवसाला १५० जणांनाच सोडतं, आणि सुट्टीच्या सीझनमध्ये ते पटकन संपतात. आधार कार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ असू द्या. गंगोत्रीहून पुढे दोनेक किलोमीटरवर कनखूचं चेकपोस्ट लागतं, परमिट नसेल तर तिथूनच मागे फिरायचं.

गंगोत्रीच्या गंगादेवीच्या देवळाची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि दिवाळीत बंद होतात, मग देवी मुखबा गावात मुक्कामाला. त्यातले मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, रस्ता कधी बंद होईल नेम नाही.

चालायला उजाडताच निघा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, दुपारी नाल्यांना पाणी वाढतं आणि उतारावरनं दगड सुटायला लागतात. गंगोत्रीपासून ९ किलोमीटरवर चीडबासा, तिथे चहा-मॅगी मिळाली तर खाऊन घ्या कारण पुढे झाडं संपतात आणि सावली म्हणून काही नाही. १४ वर भोजबासा, मुक्काम इथेच करा, सरकारी बंगला आहे, लाल बाबांचा आश्रमही आहे. रात्री थंडी भयंकर, कानटोपी लागतेच. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली तर हट्ट नको, सरळ खाली उतरा.

दुसऱ्या दिवशी उरलेले ४ किलोमीटर, सगळे धोंड्याधोंड्यांतून. हिमनदीच्या तोंडाशी मात्र जाऊ नका, बर्फाचे तुकडे न सांगता पडतात, लांबूनच नमस्कार करा. गंगाजलासाठी सुद्धा पुढे घुसू नका, घरच्यांसाठी गंगोत्रीच्या घाटावर भरलं तरी तीच भागीरथी. आणि पाणी राखाडी दिसलं म्हणून घाबरू नका, हिमनदीने दळलेली दगडाची पूड असते ती, मी बाटली रात्रभर उभी ठेवली तर सकाळी तळाशी बोटभर गाळ आणि वर स्वच्छ पाणी.