डेबियन १३: अपग्रेड की नव्याने इन्स्टॉल? या चुका टाळा

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १३ वी आवृत्ती (ट्रिक्सी) ऑगस्ट २०२५मध्ये आली, पण कित्येक मशीनवर अजून ११ किंवा १२च आहे. अशांना ‘सगळं पुसून नव्याने टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. डेबियन जागच्या जागी अपग्रेड व्हावी अशीच बांधलेली आहे. अडतं ते बहुधा आपल्या घाईने.

११ वरून थेट १३ वर उडी मारू नका. आधी १२, रीस्टार्ट करून सगळं तपासायचं, मग १३. शिवाय १२ पासून वायफाय वगैरेंचं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेलं आहे. सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) तो जोडला नाही तरी अपग्रेड पार पडतं, फर्मवेअर मात्र जुनंच राहतं. बाहेरच्या, म्हणजे डेबियनच्या नसलेल्या, रिपॉझिटरीज (सॉफ्टवेअरचे साठे) तेवढ्यापुरत्या बंद ठेवा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते /बूटमध्ये, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो तिथे. ते पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) किमान ७६८ एमबीचं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत, असं १३ च्या रिलीज नोट्स सांगतात. जुन्या मशीनवर ते बरंच लहान असतं. नवा कर्नल बसताना जागा संपते आणि अपग्रेड अर्धवट लटकतं. सुरू करण्याआधीच ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढा. आधीच अडकला असाल तर चालू कर्नल सोडून बाकीचे काढा, मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. पार्टिशनच अपुरं असेल तर नव्याने इन्स्टॉल करायला ते खरं कारण आहे. दुसरं कारण, ६४-बिट प्रोसेसरवर चाललेली ३२-बिट सिस्टिम. १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. (चालू सिस्टिमच ६४-बिट करता येते, पण ते हौशी लोकांचं काम.)

पोस्टग्रेस (डेटाबेस) असेल तर जपून. डेबियन १२ मध्ये त्याची आवृत्ती १५ होती, डेबियन १३ मध्ये १७ आहे, पण डेटा आपोआप नव्या आवृत्तीत जात नाही. तो ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ने हलवल्याशिवाय जुनं पॅकेज काढू नका. त्याआधी डेटाचा डंप (फाईलमधली प्रत) घेतलेला हवाच.

नव्याने टाकणाऱ्यांच्या चुका वेगळ्या. फक्त /होमचा (युजरच्या फायलींचा) बॅकअप घेतात. /ईटीसी (सेटिंग्ज), /व्हार/लिब (प्रोग्रॅमचा डेटा), /यूएसआर/लोकल (स्वतः टाकलेलं सॉफ्टवेअर) आणि क्रॉनटॅब (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी) राहून जातात. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ची (स्वतः टाकलेल्या पॅकेजेसची) यादीही फाईलमध्ये ठेवा. शेजारी विंडोज असेल तर ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणारे बूटलोडर असतात तो भाग) फॉरमॅट करू नका, नाहीतर तिचा बूटलोडर गेलाच.

/होम वेगळं ठेवून इन्स्टॉल केल्यावर ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर यूआयडी (युजरचा क्रमांक) बघा. पहिल्या युजरला १००० मिळतो, पुढच्याला १००१. युजर उलट्या क्रमाने तयार केले की फायलींचे मालक अदलाबदल होतात. रूट म्हणून ‘सीएचओन -आर’ने ते परत लावावे लागतात.